माळ्यावरची हद्द

तमाम लोकांस कळविण्यात येते की, डहाणू तालुक्यातल्या आमच्या गावची सरकारी हद्द एकदा भरदिवसा उचलून नेण्यात आली होती आणि तिचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. असंच लिहा मास्तर, दवंडी पिटल्यासारखं. तुम्ही शाळेचे मास्तर, तुमच्या हातून उतरलं की लोकांना खरं वाटतं, मी सांगितलं तर म्हणतात, जमनाबाय आली, आता बसा दिवसभर.

तर मी जमना, जन्म वाढवणचा, बाप दर्यावर जाणारा, लग्न होऊन आले इकडे नरपडच्या बाजूला, नवराही दर्यावर जाणारा, म्हणजे मी काय, एका होडीतून उतरले आणि दुसऱ्या होडीत बसले. सासूबरोबर बोंबील सुकवायचे, टोपलीत भरायचे, आशागडला न्यायचे, तलासरीच्या बाजारात न्यायचे. पावसाळ्यात तिकडच्या घरांना आमचा सुका बोंबील लागतोच, एकदा एक बाई मला म्हणाली, जमनाबाय, तू आली नाहीस तर आमचा भात रुसतो. पण ते राहू दे, हद्दीचं सांगत होते.

वलांडी तुम्ही बघितली आहे ना? बांबू रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वर टांगायचे. आमच्या आळीच्या मधोमध मोकळी सरकारी जागा, तिला आम्ही खळं म्हणतो, तिथं आमची वलांडी लांबच्या लांब, रस्त्यापासून दर्यापर्यंत. अर्धी घरं वलांडीच्या या अंगाला, अर्धी त्या अंगाला. आणि आमचं एकच घर गाडीरस्त्याच्या पलीकडे, उंचावर, बागेच्या कुंपणापाशी, कारण सासऱ्याच्या घरात एकदा उधाणाचं पाणी शिरलं होतं, तेव्हा तो रागावला आणि उंचावर जाऊन बसला. पावसाळा लागला की सगळी वलांडी सोडून बांबू आमच्या माळ्यावर ठेवतात, सगळ्यांत कोरडं घर आमचं.

आता पंचायतीची निवडणूक येणार, गावाचे वॉर्ड पाडायचे. एक कारकून थंडीत आला, बागवाल्या शेठच्या ओट्यावर चिकू खात बसला आणि तिथूनच बोट दाखवून रेघा मारल्या. मसुदा लागला, तो माझ्या दिरानं, काशिनाथनं, आळीत वाचून दाखवला. वॉर्डाची हद्द काय, तर बोंबील वाळवण्याची वलांडी. म्हणजे वलांडीच्या या अंगाची घरं बागवाल्यांच्या वॉर्डात आणि त्या अंगाची गावठाणात. आळी मधून चिरली, बोंबील चिरतात तशी. दोन्हीकडे आम्ही मूठभर, मेंबर एकही आमचा नाही.

मेंबर कशाला पाहिजे म्हणाल. अहो, शेठला त्या खळ्यावर सुरूची झाडं लावून कुंपण घालायचं होतं. बोलायला गोड माणूस, मला म्हणायचा, जमनाबेन, झाडं लावली तर तुम्हालाच सावली मिळेल. आता सांगा, सावलीत बोंबील सुकतो का? खळं गेलं की आमची चूल गेली, आणि खळ्याचा ठराव पंचायतीत होणार, आणि पंचायतीत आमच्या बाजूनं हात वर करणारं कुणी नाही. माझं जेवणात लक्ष लागेना. ओट्यावर यायची, वलांडीकडे बघायची, आत जायची, परत यायची. आणि असंच बघता बघता माझ्या डोक्यात आलं, हद्द वलांडी आहे ना, मग वलांडी तर आमची आहे.

भांगेचे दिवस होते, दर्याला ओढ नसते, जाळ्यात बोंबील येत नाही, वलांडी रिकामी. सासू वाढवणला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. आळीतल्या बाया जमवल्या, शेठ दुपारचा झोपला, की उपटले बांबू आणि चालल्या आम्ही, पुढं मी, मागं सगळ्या, जणू लग्नाच्या मांडवाचे बांबू आणणारी वरात. रस्ता ओलांडला, माझ्या घराच्याही मागं नेऊन अगदी बागेच्या कुंपणाला लावून रोवले. झाली सगळी आळी एका अंगाला, माझ्या घरासकट. पुरुष म्हणाले, बायांनी काय आरंभलंय, आणि दोऱ्या मात्र त्यांनीच ताणून दिल्या.

मग उधाण आलं, बोंबील आला, वारा फिरला, आणि वास सरळ शेठच्या ओट्यावर. शेठनं अर्ज केला, आम्ही हरकत घेतलीच होती, तेव्हा मोठे साहेब स्वतः जागेवर आले, नकाशा उघडला, वलांडीकडे बघितलं, परत नकाशाकडे बघितलं. विचारलं, ही पहिल्यापासून इथंच? काशिनाथ छातीवर हात ठेवून म्हणाला, आजोबांच्या वेळेपासून. मी मान हलवली, सगळ्या बायांनी मान हलवली, इतकी छान मान आम्ही कीर्तनालाही हलवली नव्हती.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याच वेळी सासू वाढवणहून परत. डोक्यावर बोचकं, तशीच घुसली माणसांत. तिला आमच्या कारभारातलं काही ठाऊक नाही. तिला दिसले फक्त तिचे बांबू. मला म्हणाली, मेले, माझा नवा बांबू कुणी मोडला, कुणी हलवली वलांडी? काशिनाथ खाली बघायला लागला. शेठ हसला. मला वाटलं, गेलं खळं, आपल्याच म्हातारीनं घालवलं. साहेब तिला म्हणाले, आजी, मग खरी जागा कुठली? ती म्हणाली, कसली खरी जागा, एका जागी ठेवली तर खालची वाळू नासते, दरवर्षी सरकवतो, आणि कसली हद्द घेऊन बसलात, “पावसाळ्यात ही तुमची हद्द माझ्या माळ्यावर असते, मी तिच्याखाली झोपते.”

साहेबांनी नकाशा मिटला. शेठचं हसू राहिलं तसंच, फक्त त्यातला जीव गेला. साहेब म्हणाले, इथं न हलणारं काय आहे ते दाखवा. सगळ्यांनी इकडे तिकडे बघितलं, आणि मीच शहाणी पुढं होऊन बोट दाखवलं, हा गाडीरस्ता. साहेबांनी रस्त्यानं रेघ मारली. आळी एक झाली, काशिनाथ मेंबर झाला, खळ्यावर झाडाचं एक रोपटंही लागलं नाही. आणि रेघ मारून साहेब गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की रस्त्याच्या त्या बाजूला सगळी आळी आहे आणि या बाजूला एकटं माझं घर.

तेव्हापासून आम्ही सासूसुना बागवाल्यांच्या वॉर्डात. मतं मागायला आमच्याकडे कुणी येत नाही, सासरा कधीचा गेला, नवरा मतदानालाही दर्यावर, उरलेल्या दोन मतांसाठी कोण चढ चढेल? पंचायतीनं आळीत कंदील लावले ते रस्त्याच्या कडेला येऊन थांबले. काशिनाथला म्हटलं, बाबा, एक कंदील इकडे, तर माझ्याच चुलीवरचा चहा पिऊन म्हणतो, वहिनी, तू माझ्या वॉर्डात नाहीस. सासू चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, मग म्हणाली, जाऊ दे, आळी एक राहिली ना, देव तिला एकच ठेवो. मीही तेच म्हणते. पण संध्याकाळी ओट्यावर येते, पलीकडचा उजेड बघते, आत जाते, परत येते.

या साली पुन्हा वॉर्ड पाडायचेत. काल नवा साहेब आला, पोरगेलासा, रस्त्यात उभा राहून टेप सोडत होता. सासूला आता नीट दिसत नाही, ओट्यावरच बसलेली असते. मी म्हटलं, आये, मोजायला आलेत. तिनं मान तिरकी करून टेपचा आवाज ऐकला, आणि साहेब हाकेच्या अंतरावर असताना, होडीवरच्या माणसाला हाक घालतात त्या आवाजात म्हणाली:

“जमने, रस्ता उचलायला किती बाया लागतील गं?”