फळीतला खिळा

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, पण हे बहुधा असंच घडलं. उल्हासनगरच्या बराकीत दिनू आणि मी, आम्ही दोघे विद्यार्थी भाड्याने राहायचो. फळ्यांच्या भिंतीपलीकडे सिंधी मालकीण, अम्मा. तिची अट एकच: भिंतीला खिळा ठोकला, तर खोली खाली करायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिनूने सदरा टांगायला लांबलचक खिळा ठोकला. तो थेट पलीकडे निघाला.

"गप्प बस, तिला कळणार नाही," दिनू म्हणाला.

मला राहवेना. मी जाऊन कबूल केलं, "अम्मा, गलती हो गई. अभी निकालता हूँ."

खिळ्याच्या टोकाला अम्माची पिठाची चाळण लटकत होती.

"खबरदार!" अम्मा ओरडली. "बाजू में एक और ठोको. तवे के लिए."