बॅटरीवरची गोधडी

जबाब
दिनांक : १ ऑगस्ट २०२५, सकाळी ११.२० वाजता

मी, हेमलता शरदचंद्र फाले, वय ४४ वर्षे, व्यवसाय – अंगणवाडी सेविका, राहणार कोळवण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर लग्नापासून राहते. माझे पती शरदचंद्र सहा वर्षांपूर्वी आजाराने वारले. त्यानंतर घरात मी, माझे सासरे भैरू फाले, वय ७४, आणि माझी मुलगी आरोही, वय १९, असे तिघे होतो. सध्या आम्ही दोघे आहोत.

आरोही लवळे येथील महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकत होती. आमच्याकडून सकाळी जी एसटी मिळते तिने पहिला तास बुडतो. म्हणून तिने मागच्या दिवाळीनंतर लवळ्याच्या हॉस्टेलमधून घरी परत चाललेल्या एका मुलीची जुनी इलेक्ट्रिक बाईक घेतली. बाईक चांगली होती, पण बॅटरी थकलेली होती. परतीच्या वाटेवर ती पौडच्या अलीकडे बंद पडायची. दोन वेळा आरोही गाडी ढकलत आली. एकदा वीटभट्टीच्या टेम्पोत घालून आणली. मे महिन्यात मी तिला नवी बॅटरी घ्यायला सांगितले. ती स्वतः मागत नव्हती.

माझे दीर दिग्विजय मारुंजीत राहतात. त्यांच्या खोल्यांच्या खालीच श्री. अन्वर तांबोळी यांचे दुकान आहे. तिथे लिथियमच्या बॅटऱ्या गाडीच्या मापाप्रमाणे बांधून देतात. १४ जून रोजी मी आणि आरोही तिथे गेलो. अन्वरभाईंनी सीट उघडून आतल्या डब्याचे माप घेतले, रोज किती चालवता ते विचारले आणि चार दिवस लागतील म्हणाले. १८ जूनला आम्ही बॅटरी आणली. बिल मी हजर केले आहे.

बॅटरी देताना अन्वरभाईंनी चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी दिलेलाच चार्जर लावायचा. गाडी चालवून आल्यावर बॅटरी तासभर तशीच ठेवायची, निवली की मग चार्जिंगला लावायची. दाराच्या वाटेत किंवा झोपायच्या खोलीत लावायची नाही. आणि चार्जिंग चालू असताना तिच्यावर काहीही ठेवायचे नाही. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले. हिला वारा लागला पाहिजे, असे त्यांचे शब्द होते.

आरोही त्यांना म्हणाली, "काका, एवढ्या अटी तर सासरीसुद्धा नसतात."

ते म्हणाले, "सासर परवडलं, पोरी. ही समजूत काढून ऐकणारी नाही."

त्यांनी चारही गोष्टी एका कागदावर मराठीत लिहून दिल्या. तो कागद आरोहीने दुकानातच हातात धरून फोटो काढला आणि मला पाठवला. घरी आल्यावर मी तो सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही.

आमच्या घरात बॅटरी लावता येईल असे प्लग दोनच आहेत. एक आतल्या खोलीत आणि एक ओसरीवर, पुढच्या दाराला लागून. गोठ्यात वीज आहे, पण छप्पर गळते. म्हणून बॅटरी ओसरीवर स्टुलावर ठेवून लावायची असे ठरले. ती जागा दाराच्या वाटेतच येते हे मला दिसत होते. दुसरी जागा नव्हती. पावसाळ्यात ओसरीला तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावतो, झड आत येऊ नये म्हणून. तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच लावलेला होता.

माझ्या सासऱ्यांची ओढ्यावर पाण्याची मोटर आहे. पूर्वी दोन पावसाळ्यांत ती ओल शिरून जळाली. तेव्हापासून मृग निघाला की ते मोटरीला गोणपाटात गुंडाळून, वरून सुतळीने बांधून ठेवतात. आमच्याकडे आषाढात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरते. बॅटरी आणल्यावर आठ-दहा दिवसांनी ते म्हणाले की, हिला ओल लागेल. आरोहीने त्यांना समजावले. ते म्हणाले, "ह्यात बी ताराच हायेत न्हवं? मग?"

त्यानंतर आरोही बॅटरी लावून आत गेली की ते तिच्यावर गोधडी घालायचे. ही गोधडी आरोही पाळण्यात असताना माझ्या आईने शिवलेली आहे. आकाराने लहान आहे, बॅटरीवर बरोबर बसायची.

आरोहीने एकदा पाहिले. ती हसली. म्हणाली, "आबा, बॅटरी आहे ती. व्यालेली म्हैस नाही. तिला थंडी नाही वाजत."

सासरे म्हणाले, "तुला काय कळतंय? उंद्या बंद पडली म्हंजी ढकलाया मलाच हाक मारशील."

मी स्वतः ती गोधडी दोन वेळा काढली. पहिल्या वेळी त्यांना न कळत काढली. दुसऱ्या वेळी त्यांनी पाहिले. त्या दिवशी संध्याकाळी ते जेवले नाहीत. तिसऱ्या वेळी मी गोधडी पाहिली आणि काढली नाही. त्यानंतर कधीच काढली नाही. याचे कारण विचारल्यावरून सांगते की, माझे पती गेल्यापासून सासरे घरातल्या कोणत्याही गोष्टीत लक्ष घालत नव्हते. गोठा आणि ओसरी, एवढेच. बॅटरी आल्यापासून ते आरोही घरी यायच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभे राहू लागले. आज किती चालली, कुठे चढ लागला, असे विचारू लागले. मला ते बरे वाटत होते. बॅटरी महिनाभर नीट चालली होती. त्यामुळे काही होणार नाही असे मी धरून चालले.

दिनांक २२ जुलै रोजी मंगळवार होता. सकाळपासून पाऊस होता आणि लाईट नव्हती. मी साडेनऊला अंगणवाडीत गेले. आरोहीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती संपवून ती साडेबाराच्या पुढे निघाली. दोन वाजता अंगणवाडीत पंखा सुरू झाला, त्यावरून लाईट आल्याचे मला कळले. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळ राहील ते सांगता येत नाही. म्हणून लाईट आहे तोवर पाणी चढवून घ्यायचे, दळण करून घ्यायचे, फोन लावून घ्यायचे अशी सगळ्यांनाच सवय आहे. मी दोन वाजून चार मिनिटांनी आरोहीला फोन केला. ती नुकतीच घरात शिरली होती. मी तिला म्हणाले, "लाईट आली आहे, आधी बॅटरी लावून घे." ती म्हणाली की बॅटरी अजून गरम आहे. मी म्हणाले, "लाईट गेली म्हणजे उद्याच्या पेपरला कशी जाशील?" या फोनची नोंद माझ्या मोबाईलमध्ये आहे.

दोन वाजून अकरा मिनिटांनी तिचा आवाजातला निरोप आला. तो असा : "आई, लावली बॅटरी. मी जरा पडते. चारला उठव."

ती आतल्या खोलीत झोपली. सासरे जेवून गोठ्याकडे गेले. जाताना त्यांनी बॅटरीवर गोधडी घातली, हे त्यांनीच मला नंतर दवाखान्यात सांगितले. मी विचारले नव्हते.

तीन वाजून पाच ते दहा मिनिटांच्या सुमारास सासऱ्यांना गोठ्यात असताना घराकडून आवाज आला आणि ओसरीवरचा कागद पेटलेला दिसला. पुढच्या दाराने आत जाता येत नव्हते. ते मागच्या दाराला गेले. मागचे दार आम्ही पावसाळ्यात वापरत नाही. बाहेरून त्याला लागून सरपण रचतो, वळचणीला ते कोरडे राहते. मे महिन्यात हे सरपण मी आणि आरोहीने मिळून रचले होते. सासऱ्यांनी ते हाताने ओढून काढले. शेजारचे लोक येईपर्यंत दार अर्धे मोकळे झाले होते. दार तापले होते, तरी त्यांनी ते हातानेच ढकलले. आग मधल्या घरातून मागच्या दारापर्यंत आली होती आणि घरभर धूर होता. बाजूच्या आतल्या खोलीपर्यंत मात्र आग आलेली नव्हती.

मला निरोप मिळाल्यावर मी पळत गेले. चार वाजता मी रुग्णवाहिकेत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितले त्याची नोंद आपल्याकडे आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही.

माझ्या दिरांनी २३ जुलै रोजी अन्वर तांबोळी यांच्याविरुद्ध तक्रार दिली की, त्यांनी खराब बॅटरी विकली आणि वापराची कोणतीही माहिती दिली नाही. त्या वेळी मला विचारलेले नव्हते. नंतर दीर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही गप्प राहा. कुणाच्या तरी नावावर जाणारच हाय, मग घरातल्याच्या कशाला?" ते रागाने बोलले नाहीत. त्यांनी आरोहीला खांद्यावर बसवून वाढवलेली आहे. ते रडत होते.

२५ जुलै रोजी अन्वरभाई आमच्याकडे आले होते. लोकांनी त्यांना आत येऊ दिले नाही. ते रस्त्यावर पावसात उभे राहिले. मी बाहेर गेल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "ताई, मी सांगितलं होतं का नव्हतं?" मी उत्तर न देता आत आले. त्यांचे दुकान तेव्हापासून बंद आहे आणि त्यांना रोज चौकशीला यावे लागते असे समजले. त्या दिवशी जे उत्तर दिले नाही ते आज देत आहे. त्यांनी सांगितले होते. चारही गोष्टी सांगितल्या होत्या आणि लिहून दिल्या होत्या. त्यांतली एकच आमच्याकडून पाळली गेली, चार्जर त्यांचाच होता.

बॅटरीत मुळात दोष होता की नाही हे मला कळत नाही. ते तपासणीत कळेल. गरम बॅटरी लावायला मी सांगितले. गोधडी मला माहीत होती आणि मी ती राहू दिली. अन्वर तांबोळी यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

कागदाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मूळ कागद घरात जळाला. फोटोत कागद धरलेला जो अंगठा दिसतो तो आरोहीचा आहे. मोबाईल तपासासाठी ठेवून घ्यावा लागेल असे मला सांगितले आहे, त्याला माझी हरकत नाही. त्यात तिच्या आवाजातले निरोप आहेत. त्यातले काही काढून न टाकता मोबाईल मला परत मिळावा.

माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. अंगठा घेता येत नाही म्हणून त्यांचा जबाब राहिला आहे. त्यांना असे वाटते की, बॅटरीत ओल शिरली म्हणून ती पेटली. ते रोज म्हणतात, "अजून एक पांघरूण घालाया पायजे हुतं." आजही येताना एसटीत म्हणाले. मी त्यांना दुसरे काही सांगितलेले नाही आणि सांगणार नाही. त्यांचा जबाब घेताना गोधडीबद्दल विचारू नये अशी माझी विनंती आहे. अशी अट लिहून घेता येत नाही असे हवालदार मॅडमनी मला सांगितले. तरी मी विनंती केली, एवढे त्यांनी लिहून घेतले आहे.

सासरे या वेळी बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. या खोलीचे दार लागत नाही. जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही घेता येणार नाही, म्हणून मॅडमनी तो मला हळू आवाजात वाचून दाखवला. गोधडीचा भाग मी त्यांच्या हातातून कागद घेऊन मनातल्या मनात वाचला. सर्व मजकूर मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि तो खरा आहे.

सही
हेमलता शरदचंद्र फाले