पोत्यातला मांगूर

मला भित्री म्हणता ना, मग मामांच्या गावचं, रोहण्याचं ऐका. तेव्हा मी वर्ध्यात एम.एस्सी. करत होते, बाहेरून आलेल्या माशांवर. एक दिवस मामीचा फोन आला. "तुह्या मामानं बाजारातून जिता मांगूर आनून विहिरीत सोडला. पानी साफ राह्यते म्हंते."

बाजारात जिवंत मिळतो तो हाच परदेशी, बंदी आलेला मांगूर. पावसाने विहीर तुडुंब भरली की तो ओल्या गवतातून सरपटत शेजारच्या नाल्यात जाणार, तिथून नदीत, आणि मग आपल्या माशांचं काही खरं नाही.

मी लगेच रोहण्याला गेले. मामांनी माझ्या हट्टापायी मोटर लावून विहीर उपसली. गाळातून हातभर लांब मांगूर निघाला. तो पोत्यात घालून मामांनी सुतळीने तोंड बांधलं. "झालं समाधान? आता चहा पी."

बाहेर झिमझिम सुरू होती. मी कप उचलला, तर विहिरीजवळच्या गवतातून काहीतरी काळं, मिशांचं सरपटत येत होतं. मी किंचाळलेच.

"अवं, भेऊन काऊन राह्यली? सुटला असन पोत्यातून," म्हणत मामांनी तो कल्ल्याखाली धरून उचलला आणि पोत्यापाशी नेला. सुतळीची गाठ तशीच होती. पोतं आतून हललं.

मामा जागच्या जागी थांबले. "मी तं एकच आनलता वं."

आम्ही दोघांनी गवतात पाहिलं. चिखलातली ओली रेघ नाल्याकडून विहिरीकडे आली होती.