खोकल्याच्या बाटलीवरची अक्षरं

औषधाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बाप आणि त्याची लेक होती. दुकानदाराने खोकल्याची बाटली पुढे ठेवली आणि बाकीच्या गोळ्या आणायला तो आत गेला.

“घे, वाच. माझा चष्मा घरीच राहिला.”

“तुम्हीच बघा ना, बाबा.”

“असल्या मुंग्या मला दिसतात होय? ‘जेवणानंतर दोन चमचे.’ अगं, दिसतंय की!”

“पुढे वाचा.”

“‘बाटली चांगली हलवून घ्यावी. गरोदर स्त्रियांनी घेऊ नये.’ म्हणजे मला चालेल!”

“हळू, बाबा. सगळी रांग ऐकतेय.”

“ऐकू दे. अक्षरं मोठी केली वाटतं यांनी.”

“उंची तेवढीच आहे. रुंदी आवळली, म्हणून एवढ्याशा कागदावर सगळं मावलं. आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला जाड, चौकोनी ठोकळा दिला, म्हणून बारीक छापूनही पुसट होत नाही.”

“म्हणजे अंग चोरून उभी आहेत, पण पाय रोवून!”

“अगदी तसंच.”

“तुला गं काय माहीत?”

“मला नाही तर कुणाला?”

“थांब. खोलीचं दार लावून तू ते जे काढत बसायचीस...”

“हेच ते. ही छापायची अक्षरं मीच काढलीत.”

“आणि मी गल्लीभर सांगत फिरलो, पोरगी रेघोट्या ओढते म्हणून!”

“जाऊ द्या हो. चला, गोळ्या आल्या.”

“तू हो पुढे. अहो, मागचे! जरा हे वाचा बरं. नाही नाही, आधी चष्मा काढा!”