सिस्टरांना आम्ही पेशंट मानलंच नाही

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, सहकारी मित्रमैत्रिणींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेले सिस्टरांचे यजमान, म्हणजे आपले काका,

आधी ताजी बातमी. सिस्टरांचा ताप सकाळपासून चढलेला नाही. वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी आत्ताच फोनवर तसं सांगितलं. टाळ्या वाजवल्यात, बरं वाटलं. पण ज्यांच्या निवृत्तीचा हा निरोप समारंभ, त्या वरच्या मजल्यावर सलाईन लावून पडल्या आहेत आणि त्यांच्या गौरवाचं भाषण त्यांना तिथं पोचवणारा डॉक्टर करतो आहे.

सिस्टरांच्या करड्या शिस्तीबद्दल काय सांगावं? हात न धुता वॉर्डात शिरणाऱ्या अध्यक्षसाहेबांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. हसू नका साहेब, मलाही पाठवलंय!

तर, त्यांच्या यकृतात पाण्याची मोठी गाठ होती. "पोट न फाडता होईल ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सुईएवढं भोक. समारंभात उभ्यानं हार घ्याल." सुईनं पाणी काढलं, बारीक नळी ठेवली. त्या वाटेनं जंतू आत जाऊ शकतात, म्हणून नळी असेपर्यंत मी कुणालाच घरी सोडत नाही. सिस्टरांना सोडलं. का? तर त्या सिस्टर! त्यांना कोण शिकवणार?

दुसऱ्या दिवशी फोन केला. "जराशी हुडहुडी भरते, पण काही नाही हो डॉक्टर." कोण खरंच आजारी आहे, हे आजवर आम्हाला त्यांनीच सांगितलं. त्यांचंच 'काही नाही' मी तपासायचं? मी फोन ठेवला.

शेवटी काकांनीच त्यांना गाडीत घालून आणलं. नळीतून पू येत होता. काका एवढंच म्हणाले, "दुसऱ्या कुणाची बायको असती तर लगेच बोलावून घेतली असतीत ना, डॉक्टर?"

काका, तेव्हा मी तो प्रश्न टाळून सलाईन लावायला वळलो. आज सगळ्यांसमोर सांगतो: हो, घेतली असती.

मघाशी भेटलो तर सिस्टर म्हणाल्या, "भाषणात माझी देवी करू नका. जंतूंना माझी नोकरी ठाऊक नव्हती."

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे मनापासून आभार. शब्द कमीजास्त झाले असतील तर सांभाळून घ्या. बाकीचं सांभाळून घ्या असं म्हणायचा मला हक्क नाही. उद्या सकाळी सोनोग्राफी आहे. गाठीची पोकळी कोरडी दिसली तर नळी निघेल, पू साठलेला दिसला तर ऑपरेशन करावं लागेल. काका, काहीही निघो, मी स्वतः तुमच्यासमोर येऊन सांगेन.