सावनेरचा फोन यायच्या आधी

...अन् तो हेल्पलाइनवाला मले विचारते, 'मॅडम, वहाँ कोई जेन्ट्स है क्या?' काहून गा? जेन्ट्सनं हात लावला का दिवा हिरवा होते? तुम्हाले सांगते, सतरा वर्षं झाली, बर्डीवर डॉक्टर सुमतीबाईंच्या प्रसूतिगृहात काउंटर सांभाळून राहिली मी, चारुशीला मेश्राम! अन् प्रसूतिगृहात जेन्ट्स कुठचे? एक वॉचमन, तोही जेवायले गेलेला!

झालं काय, सकाळी नेटवाला बदलला, नवा राऊटर लागला, अन् आमचे इंटरनेटवरचे तिन्ही फोन मुके! भिंतीवर डब्बा आहे, बेस म्हणतात त्याले, तोच फोनले नेटशी जोडते... त्याचा दिवा लालभडक. अन् नेमके त्याच दिवशी सावनेरच्या रुख्मिणीचे दिवस भरलेले. पहिलं बाळ सिझरचं, म्हणून यावेळी जोखीम. सासूले मीच बजावलं होतं, 'कळा सुरू झाल्या का आधी फोन करा.' आमच्या कागदावर नंबर फक्त नवऱ्याचा, तो खाणीत ड्यूटीवर, मोबाइल बंद! जीव नुसता खाली-वर.

फोन कंपनीचा हेल्पलाइनवाला म्हणते, 'बंद करके चालू कीजिए.' पाच वेळा केलं! 'फिर इंजिनिअर परसों आएगा.' परसों? कळा परवापर्यंत थांबतात का गा? तर पुन्हा तेच, 'वहाँ कोई जेन्ट्स है क्या?' ठेवलाच मी मोबाइल.

ड्रॉवरमधून त्या डब्ब्याची पुस्तिका काढली. अकरा भाषा, मराठी सोडून! इंग्रजी पान लावलं, बोट ठेवून ठेवून वाचलं, मुक्या फोनांतला एक उचलून त्यावर मेन्यू उघडला, सेटिंग, मग नेटवर्क, पिन चार शून्य... अन् सापडलं! डब्ब्याचा नेटवरचा पत्ता 'स्टॅटिक'. म्हणजे ठोकून बसवलेला. नव्या राऊटरची नंबरांची गल्लीच वेगळी, अन् आमचा डब्बा जुन्या गल्लीत उभा राहून हाका मारून राहिला!

डॉक्टरबाई मागून म्हणतात, 'अगं चारुशीला, काही बिघडेल हो!' म्हटलं, 'बाई, बिघडलेलंच आहे, अजून काय बिघडन?' 'डायनॅमिक' केलं, म्हणजे पत्ता आता राऊटरनंच द्यायचा. सेव्ह दाबलं. लाल... लाल... हिरवा!

दहा मिनिटांत घंटी! रुख्मिणीची सासू. 'बाई, निघू का वं? कवापासून लावून राहिली!' म्हटलं, 'निघा, निघा, टेबल तयार ठेवते!' संध्याकाळी पोरगी झाली, तीन किलोची, काय रडली म्हणता! डॉक्टरबाईंनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, 'आज दोन डिलिव्हऱ्या झाल्या, एक मी केली, एक चारुशीलानं.' अन् मी हेल्पलाइनले मुद्दाम फोन लावला, म्हटलं, 'भैया, जेन्ट्स अब भी नहीं है, फोन चालू हो गया!'

अशी छाती फुगवून घरी गेली, तर टीव्हीचा रिमोट चालेना. मी हात पुढे केला, तर आमचे हे म्हणतात, 'तू बस वं, तुले नाही समजत त्यातलं, उद्या मेकॅनिक बोलावतो.'

रिमोटचं झाकण उघडंच, सेल उलटे घातले होते. मले बसल्या जागेवरून दिसून राहिलं होतं. म्हटलं, जाऊ द्या... बोलवा मेकॅनिक.