अक्काचं दुपटं

"बाळाला कोरं कापड घालू नकोस, टोचतं," आई बजावत होती. मी हसण्यावारी नेलं. आता अंगभर पुरळ उठलेल्या बाळाला घेऊन दवाखान्यात बसले होते. शेजारी मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत आयुष्य काढलेल्या दोघी गप्पा मारत होत्या.

"हॉटेलात पाटी लागलीय, जुन्या चादरींची दुपटी शिवतात म्हणे. पर्यावरण वाचतं."

"अगं बाई! आपल्या लॉन्ड्रीतली अक्का तशीच शिवायची, तेव्हा साहेब तिला चिंधीचोर म्हणायचे."

"कुणीही बाळंत होवो, अक्काचं दुपटं आधी हजर."

"धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. माझा लेक अजून उशाशी घेतो, घोडा झालाय तरी!"

"अक्का कशी आहे गं?"

"फोन वाजतो, उचलत नाही."

"मग गेली नाहीस?"

"मला वाटलं, तू जातेस."

तुमचं दुपटं कुणी शिवलं होतं? आजच जाऊन त्यांना बघून या.